मरणाऱ्याशी खोटे बोलावे काय?

मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या समाधानासाठी त्याला खोटे सांगावे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. तो आज येथे घेण्याचे आमचे निमित्त मात्र काही वाचकांना विचित्र वाटेल. ते निमित्त म्हणजे एक अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका. तीही पिशाच्चे, मंत्रतंत्र आणि रक्तपिपासू भुते यांनी भरलेली, आणि वाहिनीने पाचव्या वर्षी बंद करून टाकलेली. अशा गोष्टींत मन रमवणे बरे नव्हे असे मानणारे वाचक आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्याशी आज वाद नाही. आम्ही ही मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिली आहे, काही भाग पुनःपुन्हा पाहिले आहेत, आणि तिच्या अगदी शेवटच्या भागातील काही मिनिटांचा एक प्रसंग आमच्या मनातून हलत नाही, एवढे सांगून पुढे जातो.

‘एंजल’ हे त्या मालिकेचे नाव. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या १९९७ साली सुरू झालेल्या मालिकेतून तिचा फाटा फुटला, आणि ५ ऑक्टोबर १९९९ रोजी डब्ल्यूबी वाहिनीवर तिचा पहिला भाग लागला. पूर्वी असंख्य माणसांचे बळी घेतलेला एक व्हॅम्पायर. त्याला त्याचा आत्मा परत मिळतो आणि त्याबरोबरच केल्या कृत्यांची टोचणीही मिळते. लॉस एंजेलिस शहरात राहून तो त्या कृत्यांची भरपाई करू पाहतो. अशी भरपाई कधी पुरी होते काय, हा प्रश्न ती मालिका पाच वर्षे आणि ११० भाग उगाळत राहिली, आणि त्याचे सोपे उत्तर तिने एकदाही दिले नाही. म्हणूनच ती आम्हांला आवडली.

१३ फेब्रुवारी २००४ रोजी वाहिनीने जाहीर केले की पुढील हंगामासाठी ही मालिका घेतली जाणार नाही. चाहत्यांनी मोहीम उघडली. पत्रे आणि पोस्टकार्डे धाडली, फिरते जाहिरातफलक लावले, मालिकेच्या नावाने रक्तदान केले, गरिबांसाठी अन्न गोळा केले. उपयोग झाला नाही. १९ मे २००४ रोजी शेवटचा भाग लागला. दोन वर्षांनी, २००६ साली, ती वाहिनीही उरली नाही.

आता ज्या दोन माणसांविषयी बोलायचे ती पाहू. वेस्ली (नाव वाचून मेथडिस्ट वाचकांनी चमकू नये, त्यांच्या वेस्लीशी याचा संबंध नाही) हा ग्रंथांत बुडालेला इंग्रज. अशुभ शक्तींवर नजर ठेवणाऱ्या एका मंडळाने त्याला शिकवून तयार केलेला. विनिफ्रेड, जिला सगळे फ्रेड म्हणतात, ती टेक्सासची, पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, बोलकी आणि हसरी. वेस्लीचे तिच्यावर कित्येक वर्षे प्रेम. ते तिच्यापर्यंत पोहोचते तेव्हा पाचवे वर्ष अर्धे सरून गेलेले असते, आणि पुढच्याच भागात फ्रेड मरते. मनुष्यजातीच्या आधी पृथ्वीवर सत्ता गाजवलेली इलिरिया नावाची एक प्राचीन शक्ती शवपेटीत बंद असते. पेटीतली धूळ फ्रेडच्या श्वासात जाते आणि आतून तिला पोखरून टाकते. ती वेस्लीच्या मिठीत मरते, आणि क्षणभरात तिच्याच देहात निळ्या केसांची, थंड डोळ्यांची इलिरिया उभी राहते. हा भाग २५ फेब्रुवारीला लागला, म्हणजे मालिका बंद होण्याची बातमी येऊन बारा दिवस झाले होते. चाहत्यांवर एका पंधरवड्यात दोन दुःखे आली.

मरण्यापूर्वी फ्रेड वेस्लीवर एक काम सोपवते. माझ्या आईवडिलांना कळव, म्हणते. मी भ्याले नाही, सगळे लवकर आटोपले, असे त्यांना सांग. ती तर भयाने थरथरत असते, आणि सगळे लवकर आटोपलेले नसते. पहिल्या वेळी पाहताना हे वाक्य रडण्याच्या भरात कानांवरून जाते. दुसऱ्यांदा पाहिले म्हणजे ध्यानात येते की मरणारी मुलगीच येथे खोटे सांगण्याची विनंती करीत आहे, आणि ते स्वतःसाठी नव्हे तर मागे राहणाऱ्यांसाठी. वेस्ली हे काम करीत नाही. तो खोटेही सांगत नाही आणि खरेही सांगत नाही. आठवड्यामागून आठवडे जातात, टेक्सासला कोणीच कळवीत नाही.

आणि मे महिन्यात एके दिवशी ते आईबाप लेकीला भेटायला स्वतःच येऊन उभे राहतात. वेस्ली तोंड उघडणार, शब्द जुळवणार, तोच फ्रेड खोलीत येते! तेच केस, तोच टेक्सासचा हेल, तेच हसू. इलिरियापाशी फ्रेडच्या सगळ्या आठवणी आहेत आणि ती हवे तेव्हा तिचे रूप घेऊ शकते. आईबाप लेकीला मिठी मारतात, गप्पा मारतात, आनंदाने परत जातात. वेस्ली हे सगळे पाहत उभा असतो. ती माणसे गेल्यावर तो इलिरियाला बजावतो की पुन्हा कधीही तिचे रूप घ्यायचे नाही. इलिरियाला आपली चूक कळत नाही. आलेली माणसे दुःखी होणार होती, ती सुखी होऊन गेली. मग बिघडले काय?

शेवटच्या भागात सगळे एका लढाईला निघणार असतात. तिच्यातून परतण्याची आशा कोणालाच नसते. दुपारी वेस्ली इलिरियाच्या जखमा बांधतो, आणि ती विचारते, की आज शेवटचाच दिवस असेल तर तुझ्यासाठी तिचे रूप घेऊ काय? वेस्ली नाही म्हणतो. सत्य आणि भास वेगळे करणे हा आमच्या शिक्षणातील पहिला धडा आहे, फ्रेड गेली हे सत्य आहे, आणि आज रात्री मरण्याचा माझा बेत नसल्यामुळे मला खोटे नको, असे तो सांगतो. रात्री एका म्हाताऱ्या मांत्रिकाशी झुंजताना त्याच्या पोटात सुरी जाते. इलिरिया आपले काम उरकून तेथे पोहोचते. ती जखम पाहते आणि आडपडदा न ठेवता सांगते की ही जखम प्राणघातक आहे, काही क्षणांत तू मरशील. मला ठाऊक आहे, तो म्हणतो. तेव्हा ती विचारते, आता तुझ्याशी खोटे बोलू काय? तो होय म्हणतो आणि तिचे आभार मानतो. निळा रंग मावळतो. फ्रेड त्याचे डोके मांडीवर घेते, आता फार वेळ दुखणार नाही, मी आहे तेथे तू येशील, आपण एकत्र असू, असे म्हणते, आणि तो मरतो.

हा प्रसंग पाहून चाहत्यांत दोन तट पडतात. मालिकेत याहून कोमल काही नाही, असे काही म्हणतात. दुसरे म्हणतात, जो माणूस जन्मभर सत्यासाठी झिजला त्याचे शेवटचे सत्यही हिरावून घेतले. आम्हांला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात.

या प्रश्नाशी जो मनुष्य सर्वांत प्रामाणिकपणे झगडला तो ऑगस्टीन. लबाडीवर त्याने दोन ग्रंथ लिहिले, एक सुमारे ३९५ साली आणि दुसरा सुमारे ४२० साली. दुसऱ्या ग्रंथात तो असा दाखला घेतो: एक मनुष्य मरणप्राय आजारी आहे. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. ऐकले तर तो त्या धक्क्याने जाईल. तो तुम्हांला विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? काय उत्तर द्याल? ऑगस्टीन खोटे बोलू नये असेच म्हणतो, परंतु काळजावर दगड ठेवून म्हणत नाही. या दाखल्याने आपले मन गलबलते, हे तो कबूल करतो. खरे बोललो तर लोक मला त्या बापाचा मारेकरी म्हणतील, हेही त्याला दिसते. त्याची भीती वेगळी आहे. दयेपोटी एक दार उघडले की लबाडी थोडी थोडी करीत आत येते आणि घर व्यापून टाकते, ही ती भीती. मिसर देशातील सुइणींची आणि यरीहोतील राहाबेची गोष्ट त्याच्यापुढे ठेवली असता, त्यांच्या दयेचे त्यांना फळ मिळाले, लबाडीचे नव्हे, असा भेद तो करतो. हा भेद आम्हांला जरा बारीक कातलेला वाटतो. पण भीती खरी आहे. दयेच्या खोट्याने घर कसे व्यापते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्याकडे तार येई ती ‘वडील सीरियस, ताबडतोब निघा’ अशी, आणि ती हातात पडताच माणूस ओळखे की वडील गेले. २०१३ साली तारखाते बंद झाले, परंतु ती तार फोनवरून अजून चालूच आहे. इस्पितळात तर विचारायलाच नको. डॉक्टर नातेवाईकांना बाहेर बोलावतो, नातेवाईक डोळे पुसून आत येतात आणि ‘दोन दिवसांत घरी जायचंय बरं का’ असे हसून सांगतात. रोग्याला सर्व समजलेले असते. त्याला समजले आहे हे त्यांनाही समजलेले असते. ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली मरणोन्मुख रोग्यांवर एक पुस्तक लिहिले. त्यांनी या स्थितीला परस्पर सोंगाची स्थिती म्हटले आहे: दोघांनाही ठाऊक, आणि दोघेही ठाऊक नसल्याचे सोंग आणणारे. हे केवळ आपल्याकडेच चालते असे मात्र समजू नये. १९६१ साली अमेरिकेतील डॉक्टरांना विचारले असता शंभरात सुमारे ९० जणांनी सांगितले की कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याकडेच आमचा कल असतो. १९७९ साली तशीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा शंभरातील ९७ डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एका देशातील वैद्यक-व्यवसायाने आपले मत असे उलटे केले. औषधे सुधारली होती हे त्याचे एक कारण. रोगी आपल्या मरणाचा धनी आहे असे मानले जाऊ लागले, हे दुसरे.

न सांगण्यात रोग्याचे काय जाते? त्याला कोणाची क्षमा मागायची असते, कोणाला क्षमा करायची असते, जमिनीचे कागद करायचे असतात, दुरावलेल्या भावाला बोलावायचे असते. सोंगाच्या भरात ते सर्व राहून जाते. या बाबतीत ही मालिकाच एक उदाहरण आहे. अमेरिकेत मालिका राहणार की जाणार हे बहुधा मे महिन्यात कळते. तोवर हंगामाचे चित्रण संपलेले असते, आणि कित्येक मालिका वाक्य अर्धे टाकून मरतात. ‘एंजल’ला फेब्रुवारीतच सांगण्यात आले. चाहते त्या बातमीवर चिडले, आम्हीही चिडलो. परंतु वेळेवर सांगितल्यामुळेच लेखकांना आपला शेवट जाणून लिहिता आला. वेस्लीचे हे मरण त्या शेवटात आहे.

तर मग फ्रेडच्या आईबापांना इलिरियाने जे केले ते उघडच वाईट होते. सिसेला बोक या विदुषीने १९७८ साली लबाडीवर एक ग्रंथ लिहिला. ज्याला फसवले त्याच्या बाजूने पाहा, असा तिचा आग्रह आहे. त्या बाजूने पाहिले तर त्या दोघांचे सुख लुटीचे ठरते. त्यांची मुलगी मेली आहे आणि तिच्यासाठी रडण्याचा त्यांचा अधिकार कोणी परकी काढून घेऊन गेली आहे. शिवाय ते सत्य एक दिवस येणारच, आणि येईल तेव्हा ही शेवटची गोड भेटही विषारी करून टाकील. वेस्लीला तेथे संताप आला तो रास्त होता. मात्र त्याचे मौन फार चांगले होते असेही आम्ही म्हणणार नाही. इलिरियाने बोलून जे केले, ते तो न बोलता कित्येक आठवडे करीत होता.

वेस्लीच्या मरणाच्या वेळी जे घडते त्याचा क्रम पाहावा. इलिरिया प्रथम सत्य सांगते, तेही पूर्ण: जखम प्राणघातक आहे. मग ती परवानगी मागते, आणि मागताना त्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते. सांत्वन करू काय, असे ती म्हणत नाही. खोटे बोलू काय, असे म्हणते. परवानगी मिळाल्यावरच ती बोलते. आपल्या इस्पितळांत हाच क्रम उलटा असतो. खोटे आधी, आणि विचारणे कधीच नाही. अख्ख्या मालिकेत चांगली म्हणवणारी माणसे एकमेकांशी कितीदा तरी खोटे बोलतात, एकमेकांच्या हितासाठी, न विचारता. विचारून खोटे बोलणारी एकटी इलिरिया, जी माणूसही नाही.

ज्याला खोटे आहे हे ठाऊक आहे आणि ज्याने ते मागून घेतले आहे, त्याच्याशी बोललेले खोटे लबाडी होते काय? ऑगस्टीन थट्टेला लबाडी मानीत नाही, कारण बोलण्याच्या सुरावरूनच फसवण्याचा हेतू नसल्याचे कळते. कांटसारखा कडक मनुष्य, ज्याने १७९७ साली मारेकऱ्यालाही खोटे सांगू नये असा निकाल दिला, तोही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका ग्रंथात विचारतो की पत्राखाली ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असे लिहिणे लबाडी मानावी काय, त्याने तर कोणीच फसत नाही. अर्जाखाली असे लिहिण्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या, आणि कोणत्याही मामलेदाराने त्या शब्दांवर विश्वास ठेवून कोणाला घरकामाला बोलावले नाही. या मापाने ‘मी फ्रेड आहे’ हे त्या रात्रीचे बोलणे लबाडी नव्हे. ते दोघांनी मिळून, जाणूनबुजून मांडलेले एक सोंग आहे. आणि ते परस्पर सोंग म्हणता येत नाही, कारण त्याच्या आधी सत्य उच्चारले गेले आहे.

येथवर आमचा निकाल इलिरियाच्या बाजूने आहे. पण एक वाक्य अडते. मी आहे तेथे तू येशील, आपण एकत्र असू. हे केवळ रूपाचे सोंग नाही. हे मरणापलीकडच्या गोष्टीविषयी एक विधान आहे. आणि या कथेत पूर्वीच एका डॉक्टराच्या तोंडून सांगितलेले आहे की इलिरियाच्या पुनरुत्थानाच्या आगीत फ्रेडचा देहच नव्हे, आत्माही जळून गेला. आता ती कोठेही नाही. इलिरियाइतके हे कोणाला ठाऊक असणार? जिने ती जाळली तीच तिच्या भेटीचे अभिवचन देत आहे.

मरणाऱ्याच्या बिछान्याशी बसणाऱ्या प्रत्येकाने येथे थांबावे असे आम्हांला वाटते, कारण हे वाक्य आपण सर्व बोलतो. पाळक बोलतात, मुलगे बोलतात, शेजारीण बोलते: आई तिकडे तुमची वाट पाहत असतील. ऑगस्टीनने लबाडीची जी खूण सांगितली ती अशी की मनात एक आणि ओठांवर दुसरे असणे म्हणजे लबाडी. शब्द वस्तुस्थितीशी जुळतात की नाही यावर ती ठरत नाही. मग ज्याचा त्या भेटीवर विश्वास आहे त्याने हे म्हटले तर ते खोटे नव्हे, मग पुढे काहीही असो. आणि ज्याचा विश्वास नाही, परंतु प्रसंग पाहून बोलतो, तो लबाडी करतो, जरी ती भेट खरोखर घडणार असली तरी. बिछान्यावरचा मनुष्य पुष्कळदा आपल्या शब्दांकडे कान देत नसतो, आपल्या तोंडाकडे पाहत असतो. त्याला फरक कळतो. निदान काहींना तो कळल्याचे आम्ही पाहिले आहे.

वेस्लीने याही वाक्याला परवानगी दिली होती काय? दुपारचे त्याचे नकारार्थी उत्तर पाहिले तर त्यात एक अट होती: आज मरण्याचा बेत नाही म्हणून खोटे नको. ज्याला उद्या उठून काम करायचे आहे त्याला सत्य लागते, कारण भासावर पाऊल ठेवून चालता येत नाही. ज्याचा उद्या संपला त्याचे काय, हे त्याने मोकळे ठेवले होते. इलिरियाच्या प्रश्नातील ‘आता’ हा शब्द त्या मोकळ्या जागेवर नेमका पडतो. तेव्हा परवानगी होती असे आम्ही समजतो. पण परवानगी मिळाल्याने वाक्य खरे झाले नाही, आणि ते ऐकताना त्याला ते खोटे असल्याचे स्मरण शेवटपर्यंत राहिले काय, की शेवटच्या क्षणी तो त्यात विरघळून गेला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. अलेक्सिस डेनिसॉफ या नटाने ते कळू दिले नाही, आणि ते बरे केले.

एमी अॅकर या नटीच्या पुढच्या अभिनयाविषयी मात्र शंका नाही. वेस्ली मरताच तो म्हातारा मांत्रिक त्याच्या मरणाची टिंगल करतो. मांडीवरचे डोके खाली ठेवून फ्रेडच वर पाहते, फ्रेडच्या डोळ्यांत पाणी असते, आणि त्या रूपातच ती उठून हात उगारते. ठोसा बसतो तोवर ती पुन्हा इलिरिया झालेली असते. ऐकणारा मेल्यावरही काही क्षण ते रूप तिच्यावर राहते. कोणासाठी? पुढे पावसात, गल्लीत, उरलेल्या साथीदारांना ती सरळ सांगते की वेस्ली मेला, मला त्याचे दुःख होत आहे, आणि ते मला आवरत नाही. तेथे ती कोणालाही खोटे बोलू काय म्हणून विचारीत नाही. समोरून हजारो शत्रू येत असतात. एंजल तलवार उगारतो आणि पडदा काळा होतो.

तो १९ मे होता. फ्रेडचे आईबाप लेकीला भेटून आनंदाने टेक्सासला गेले तो भाग ५ मे रोजी लागला होता. मधल्या दोन आठवड्यांत त्यांना कोणी काही कळवल्याचे मालिकेत कोठे दाखवलेले नाही. आणि कळवण्याचे काम ज्याच्यावर होते तो मरून गेला.